सरक, तुला नाही जमायचं

६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर दूध उतू जातंय म्हणून ठेवतेस, तेव्हा पत्रच लिहितो. आम्ही सगळे मजेत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?

भिंगरीच्या शाळेत पुढच्या महिन्यात यंत्रांचं प्रदर्शन आहे. तिने चेंडू फेकणारं यंत्र करायचं ठरवलं आहे. मी फक्त थोडी दिशा दाखवतो, बाकी सगळं तिचंच. मी फळीवर दोन छोट्या मोटरी शेजारी शेजारी उभ्या बसवल्या, त्यांच्या दांड्यांवर रबरी चाकं लावली आणि मधल्या फटीत पाइपातून चेंडू सोडला. दोन्ही चाकांनी मिळून त्याला पुढे भिरकावायला हवा. पण तो जागच्या जागी गरगर फिरतो आणि रबर जळल्याचा वास येतो. मोटरी चांगल्यातल्या आहेत. गणितं मी ऑफिसात दोनदा तपासून घेतली. तू तीस वर्षं पंख्याच्या कारखान्यात मोटरींना तार गुंडाळलीस, म्हणून तुला विचारतो.

सुचलं तर कळव, नाही सुचलं तरी माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा भाचा

११ जानेवारी

चि. साहेबास,
अनेक आशीर्वाद, अकलेसाठी एक जादा.

गुडघा ठीक आहे, तुझ्या यंत्रापेक्षा बरा चालतो.

तुझं पत्र शेजारच्या शिवणवालीला वाचून दाखवलं. ती शाळेची पायरी चढलेली नाही, तरी हसली. अरे, तुझ्या दोन्ही मोटरी एकाच दिशेने फिरतायत. एक चाक चेंडूला पुढे ढकलतंय, दुसरं मागे. बिचारा जाणार कुठे? एका मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल कर, म्हणजे ती उलटी फिरेल. आमच्या खात्यात नवी आलेली पोर हे पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शिकायची. तू इंजिनिअर, दारावर पितळी पाटी, हाताखाली चाळीस माणसं, आणि दोन तारा उलट करणं तुला सुचत नाही. त्या चाळीस जणांची मला कीव येते.

आणि थापा मारायच्या तर जरा मन लावून मारत जा. बाकी सगळं तिचंच म्हणतोस, आणि पुढच्या ओळीत मोटरी तू बसवतोस, चाकं तू लावतोस, गणितं तुझी. पोर आहे कुठे या पत्रात? तिच्याकडे काय, खोक्याला रंग देणं?

माया आहे तेवढी आहे, सध्या तेवढ्यावर भागव.

आत्या

१६ जानेवारी

ती. आत्याआजीस,
सा. न. (पुढचं वि. वि. म्हणजे काय ते बाबांनाही सांगता आलं नाही, म्हणून गाळलं.)

तुझं पत्र बाबांनी पुस्तकात लपवलं होतं, मला सापडलं. मी काय करते असं तू विचारलं आहेस. मी दोन पानं पाठ करते. ती बाबांनी लिहून दिली आहेत आणि त्यात घूर्णन हा शब्द सात वेळा येतो. तारा उलट केल्यावर चेंडू सुटला तो आईच्या कपाटावर जाऊन आपटला. बाबा नाचले आणि आपण जिंकणार म्हणाले. आपण म्हणजे ते. चाकाचा एक स्क्रू घट्ट करायला मी हात घातला, तर सरक, तुला नाही जमायचं म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. मग स्वतः घट्ट करताना त्या स्क्रूची खाच घासून सपाट केली.

वर्गात सगळ्यांची यंत्रं बाबा लोकांनीच केली आहेत. मग प्रदर्शनात त्यांनाच रांगेत उभं करावं आणि आम्हाला खेळायला सोडावं. मी महिनाअखेरीला बाईंना सांगून नाव काढून घेणार आहे. जे मी केलं नाही त्याच्यापुढे हसत उभं राहायची मला लाज वाटते. पण मला ते खरंच करायचं होतं, आजी. पहिलं चित्र मीच काढलं होतं.

माझ्यावर प्रेम असू दे आणि बाबांना हे पत्र दाखवू नकोस.

भिंगरी

२० जानेवारी

चि. साहेबास,
आशीर्वाद संपले आहेत, आले की पाठवीन.

पोरीने पत्र दाखवू नकोस म्हटलंय, तेव्हा दाखवत नाही, सांगते. ती प्रदर्शनातून नाव काढून घेतेय, कारण तू तिच्या हातात काही राहू दिलं नाहीस. सरक, तुला नाही जमायचं असं म्हणालास म्हणे. ज्याला स्क्रूची खाच सांभाळता येत नाही त्याने हे म्हणावं? पोरीची हौस मोडून स्वतःची मिरवायची, याला बापपण म्हणत नाहीत.

जास्त लिहीत नाही, शाई तुझ्यावर वाया जाते.

आत्या

२४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बोललीस ते सगळं खरं आहे. पण आत्या, ते वाक्य माझं नाही.

मी सहावीत होतो, तू आमच्याकडेच राहायचीस. शाळेसाठी विजेची घंटा करायची होती. मी खिळ्यावर तार गुंडाळत होतो, वेढे एकमेकांवर चढत होते. तू कामावरून आलीस, पाहिलंस, आणि सरक, तुला नाही जमायचं म्हणून खिळा हातातून घेतलास. दहा मिनिटांत घंटा झाली. मला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजत होत्या आणि माझे कान शरमेने तापले होते. त्यानंतर या यंत्रापर्यंत मी हत्याराला हात लावला नाही. इंजिनिअर झालो तो कागदावरचा, कारण कागद कुणी हातातून ओढून घेत नाही. आता तेच वाक्य मी लेकीला ऐकवलं, आणि तुझं पत्र वाचेपर्यंत मला त्याचं काही वाटलंही नाही.

कालच यंत्र भिंगरीपुढे ठेवून सगळं सोडव म्हटलं. मला जोडायला आठ दिवस लागले होते, तिने वीस मिनिटांत सोडवलं. आता ती स्वतःचं करते आहे, आणि प्रदर्शनातलं नाव तिने तसंच ठेवलं आहे.

राग धरू नकोस, मीही धरलेला नाही.

तुझा भाचा

३० जानेवारी

चि. बाळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, राखून ठेवलेले सगळे.

घंटा आठवते. भाच्याने केली म्हणून मी कारखानाभर सांगत फिरले होते. तुझे वेढे चढले होते हे खरं, पण तुझीही घंटा वाजली असती. जरा बसक्या आवाजात वाजली असती, एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी धीर धरवला नाही. दुसऱ्याला नावं ठेवायला मी पहिल्यापासून पटाईत. आज स्वतःला ठेवतेय. चुकले मी.

आता ऐक. भिंगरीचं पत्र आणि नव्या यंत्राचं चित्र आलं. चेंडू दर वेळी डावीकडे जातो आणि का ते कळत नाही, असं लिहिलंय. उजवं चाक तिने स्क्रूने आवळलंय. दुसरा स्क्रू तू खराब केलास, म्हणून डाव्या चाकाच्या भोकात कागदाची घडी कोंबली आहे. रिकामं फिरताना ते चाक नीट दिसतं, चेंडू आला की दांड्यावर घसरतं, मग उजव्याचा जोर जास्त होतो आणि चेंडू वळतो. मला चित्र बघताक्षणी कळलं. तुला सांगतेय, कारण कुणालाच सांगितलं नाही तर मला अन्न गोड लागणार नाही. तिला सांगायचं नाही. खूण करायची नाही, खोकायचं नाही, हत्याराच्या पेटीकडे बघायचंसुद्धा नाही. नाहीच सापडलं तर जाऊ दे चेंडू डावीकडे.

मी तिला हवापाण्याचं पत्र लिहिलंय. इतकं अवघड पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

लोभ आहे, आणि तो नीट वागवायला मी या वयात शिकतेय.

आत्या

७ फेब्रुवारी

ती. आत्याआजीस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. तुमच्याकडे सकाळी धुकं असतं, हे कळून मी काय करणार होते?

डावं चाक घसरत होतं. मी तीन दिवस शोधलं. शेवटी चाक आणि दांडा यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ मारली आणि चेंडू सोडला. थांबवून पाहिलं तर अर्धी रेघ एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे. बाबांना सांगितलं तर ते अरे वा, खरंच की काय असं म्हणाले. त्यांना नवल वाटल्याचं नाटक अजिबात येत नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि त्यांना माहीत होतं म्हणजे तू सांगितलं होतंस, कारण असलं काही बाबांना आपोआप कळत नाही. तीन दिवस ते हात पाठीमागे बांधून माझ्या खोलीत फेऱ्या मारत होते. मला वाटलं, पोट दुखतंय.

दहातले सहा चेंडू बादलीत गेले. बक्षीस एका चकचकीत यंत्राला मिळालं. परीक्षकांनी त्याची एक तार काढून परत जोडायला सांगितली, तर त्याचा मालक स्वतःच्या बाबांना शोधत पळाला. तरी बक्षीस त्यालाच, असले परीक्षक. माझीही तार काढली, ती मी जोडली. घरून कुणाची मदत झाली असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या बाबांना आणि आत्याआजीला चूक माहीत होती, पण दोघांनी काहीसुद्धा केलं नाही. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते मागे उभे होते आणि त्यांचे हात अजून पाठीमागेच होते.

आम्ही सुट्टीत येतोय. बाबांना घंटा करायची आहे. खिळा आणि तार तेवढी काढून ठेव, आणि तू जरा सरकून बस.

तुझी
भिंगरी