एकशे चाळीस अक्षरांतला नमस्कार

वोल्फ्सबुर्ग, ६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. ऊर्मिलावहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. आम्ही ठीक आहोत. आइंडहोवनला दादाची तब्येत कशी आहे, हे विचारायचा हक्क मी दोन वर्षांपूर्वी कोलोनच्या गणेशोत्सवात माइकवरून घालवला. तरी विचारतो.

"काहींना आईच्या अंत्यदर्शनापेक्षा परवाना मोठा!" हे वाक्य मी टाळ्यांसाठी म्हटलं. (पडल्याही. फक्त दादा उठून गेला.) त्याचा राहण्याचा परवाना तेव्हा नूतनीकरणात अडकला होता, भारतात गेला असता तर परत येता आलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

त्याने माझा नंबर बंद केला. पण वहिनी, या युरोपात माणूस अडकतो, पैसा अडकत नाही! शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर बसलेल्या देशांनी शेवटी बँकेच्या एका फॉर्मवर एकमत केलं. जर्मनीतला युरो दहा सेकंदांत हॉलंडला. (यावर मी मंडळात पाऊण तास बोललो आहे. एका आईच्या दोन मुलांचं एकमत होईना, हे तेवढं सांगायचं राहिलं.) म्हणून दर एक तारखेला मी दादाला एक युरो पाठवू लागलो, कारण सोबत मजकूर लिहिता येतो. एकशे चाळीस अक्षरं, तीही रोमन. मला! ज्याला आभारप्रदर्शनालाच वीस मिनिटं लागतात. "तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार विनंती विशेष, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद, इकडे सर्व क्षेम" एवढ्यात चौकट भरायची. माफीला जागाच उरायची नाही. अन्वी म्हणाली, "बाबा, नमस्कार वेगलासन!" (म्हणजे गाळा. लेक मराठी ऐकते, उत्तर जर्मनमध्ये देते.) पण थोरल्या भावाला नमस्काराशिवाय कसं लिहायचं? बावीस महिने नुसते नमस्कारच गेले. दादा दर वेळी युरो परत पाठवायचा. चौकट कोरी.

ऑगस्टपासून युरो परत येईना. मला वाटलं, दादा विरघळला. मी ऑफिसात पेढे वाटले. काल कोलोनहून मंडळातल्या संपदाचा फोन आला, तेव्हा कळलं की ऑगस्टमध्ये दादाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. वहिनी, घरातला बडबड्या मी, आणि वाचा त्याची जावी?

इथे जागा आहे म्हणून लिहितो. चुकलो.

तुमचा,
चंद्रशेखर

ता. क. हे त्याला वाचून दाखवा. नमस्कार गाळलात तरी चालेल.

ता. क. खरं म्हणजे मला यायचं आहे. नुसता बसेन. एक शब्द बोलणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात एक युरो परत आला. चौकटीत एकच शब्द : "ये". कोणी लिहिला ते सांगू नका. पत्र पोस्टात टाकत नाही, बरोबरच आणतो.