आधी तुला विचारते

प्रिय चिमणे,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय झालेत. जन्मभर शाळेत पोरांच्या अक्षराला नावं ठेवली, आता भोगतेय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, हे मेहुण्यांकडून तुला कळलंच असेल. रोज कामावर जाण्याआधी ते इथं येतात, माझी भांडी घासतात, ओटा पुसतात. पहिल्या दिवशी मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बाह्या सरसावून मी करपवलेली कढई हातात घेतलीसुद्धा. तू पाठवतेस की ते आपणहून येतात, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मी मागं खुर्चीत बसते आणि दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवतो. त्यांच्या पिण्याचं तू रडत रडत सांगितलं होतंस, ते फक्त मला. आणि मी चर्चमध्ये भर उपासनेत उभी राहून, घसा खाकरून, प्रार्थनेची विनंती केली, माझ्या मेहुण्यांच्या व्यसनासाठी. ते तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांचा हात धरून तू बाहेर गेलीस, ती परत आलीच नाहीस. मी मात्र घरी येऊन पोटभर जेवले, बहिणीसाठी केवढं केलं म्हणून! खरं सांगू? ती प्रार्थना नव्हतीच, देवाच्या नावाखाली केलेली चहाडी होती. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं गं.

आणि खोड जाते थोडीच? परवाच्या रविवारी चर्चमध्ये, देवानं काय केलं ते उभं राहून सांगायच्या साक्षीच्या वेळी, मी पुन्हा उठले. मेहुण्यांनी दारू सोडली, माझी खरकटी काढतात, हे सगळ्यांना सांगायचं होतं. माना वळल्या आणि लक्षात आलं, मी पुन्हा तुझंच घर चव्हाट्यावर मांडतेय. काही नाही, काही नाही, म्हणत खाली बसले.

आज सकाळी त्यांची माफी मागितली. घासणी पिळत ते एवढंच म्हणाले की त्यांच्यापेक्षा तुझ्या मनाला जास्त लागलंय.

म्हणून हे पत्र. चर्चच्या मंडळीसमोर माझी चूक कबूल करावीशी वाटते, पण त्यातही नाव तुमचंच निघणार. तेव्हा बोलू की गप्प बसू, ते तू सांग. थोरली म्हणून आजवर तुला नुसतं सांगत आले, विचारलं कधीच नाही. गप्प बस म्हणालीस तर बसेन. माझं तोंडही बघायचं नसेल तर तसं कळव, मी ऐकून घेईन. पत्र उद्या मेहुण्यांच्याच हाती देतेय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. त्यांच्याबद्दल त्यांच्यामागे काही बोलायचं नाही, एवढं तरी शिकले.

विचारायला दोन वर्षं उशीर केलेली,
तुझीच ताई