सहा तासांची खोटी नोंद

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते आधी विचारून घेते. पुढचं वाचल्यावर तू सांगायचा नाहीस.

आमच्या रॉकेट-इंजिनाचा तिसरा ज्वलनकक्षही चाचणीत तडकला. बारीक नळ्या भट्टीत वितळत्या धातूनं एकमेकींना झाळून त्याची भिंत करतात, ती नेमकी सांध्यावर उलते. तुमच्या जुन्या सरकारी कारखान्याच्या नोंदी अक्षरन् अक्षर पाळल्या, तरी तेच. परवा गुंतवणूकदार आले होते. रागावले नाहीत, नुसते घड्याळ बघत बसले. जाताना म्हणाले, संग्रहालयातलं जुनं इंजिन विकत घ्या आणि मधोमध कापून सांधे बघा. वरची परवानगी मिळेलच. ते सांभाळणारा म्हणून तुझी सही लागेल.

परक्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं. इतकी थकलेय की काय बरोबर तेही उमगत नाही. रागाव, पण तुटक होऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतोय. सही करणार नाही. त्या घडणीचं एवढं एकच इंजिन उरलंय.

पण हा म्हाताऱ्याचा हट्ट समजू नकोस. कापून हाती काही लागणार नाही. झाळल्यावर भट्टी किती वेळ निवली, ते धातूत कुठं दिसणार? नोंदीत सहा तास आहेत. ते खोटं आहे. तेव्हा भट्टी तुझ्या वहिनीकडे होती. सहा तासांनी दार उघडलं की नळ्या चिरतात, हे तिनं ताडलं होतं. साहेबांना तर घाई. मग ती कागदावर सहा तास लिहायची आणि दार दुसऱ्या दिवशी उघडायची. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "नळ्यांना घाई सोसत नाही, आणि साहेबांना खरं सोसत नाही. मी काय करू?"

ती गेल्यावर मी गप्प राहिलो. खोटी नोंद केल्याचा ठपका तिच्यावर नको होता. तुझं नेमकं काय तडकतंय ते तू कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. पूर्ण एक दिवस थांबून बघ. जेवत जा वेळेवर.

तुझा,
दादा

२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कक्ष टिकला. इंजिन ठरलेला सगळा वेळ चाललं. लोक टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. तुझ्या इंजिनाला आता कुणी हात लावणार नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. ही पद्धत कंपनीनं स्वतःचा शोध म्हणून नोंदवायला काढलीय. मी वहिनीचं नाव सांगितलं. वकिलांनी पुरावा मागितला. जुन्या कागदावर तिच्याच अक्षरात सहा तास आहेत. ते खोटं होतं असं तू लिहून दिलंस तरच नाव लागेल. मी आग्रह करणार नाही. ठपक्याची भीती मलाही आहे.

तुझ्या दोन ओळींची वाट बघतेय.

धाकटी

११ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

लिहून दिलंय, सोबत आहे. तीन दिवस लागले. तिला खोटारडी म्हणायला पेन उचलेना. शेवटी लिहिलं की कागदावर खोटं लिहून तिनं इंजिनं खरी केली. वकिलांना पटो न पटो, संग्रहालयात तिच्या नावाची पाटीही लावली, माहेरच्या आडनावासकट.

काल एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि शेजारच्या फोटोत या बाई कोणत्या, म्हणून विचारलं. पहिल्या इंजिनाचा तो फोटो, चाळीस माणसं आहेत त्यात. मी सांगितलं की ती त्यात नाही. फोटोसाठी सगळे अंगणात गेले, तेव्हा दुसरं इंजिन निवत होतं, आणि ती भट्टीपाशी बसून होती.

सवड काढून ये. दोघं मिळून दमू.

दादा