कुंपणापलीकडचं बीळ

आदिलाबाद. रविवार, नोव्हेंबर १९५६

घुशींनी पुन्हा हिरवळ उकरली. आणि आमचे हे, महसुलातले गिरदावर साहेब! सकाळपासून कागद घेऊन बिळांचा नकाशा काढत बसले. लाल पेन्सिलीनं नंबर घातले, एक ते नऊ. मग नंबरवार मिरच्यांची धुरी दिली, नंबरवार दगडमाती ठासली. कचेरीत तरी इतकं काम करतात का?

संध्याकाळी मातीचा दहावा ढिगारा. ताजा.

भांडीवाली सखूबाई म्हणाली, "बाई, मोठं बीळ कुंपणाच्या पलीकडं हाय. तिकडून येऊन राह्यल्या." मी वाकून पाहिलं. मेंदीच्या कुंपणापलीकडे हातभरावर, मूठ जाईल एवढं भोक. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "ते आपल्या हद्दीत येत नाई."

"घूस हद्द पाह्यते का, साहेब?" सखूबाईनं विचारलं. हे पेन्सिलीला टोक काढत बसले.

हद्दीचं सांगतानाचा ह्यांचा हाच आवाज. मागच्या आठवड्यात ह्याच आवाजात मला सांगितलं, "किनवट आता आपल्यात नाई. दुसऱ्या राज्यात गेलं." माझं माहेर आहे ते! आई आहे तिथे. वर ह्याच लाल पेन्सिलीनं नकाशावर रेघ ओढून दाखवली, कौतुकानं.

अशा माणसावर रागावणंही वाया.

हे हात धुवायला गेले तेव्हा मी पेन्सिल उचलली आणि कुंपणापलीकडच्या बिळात टाकून आले. मग शोधाशोध. कुठे आहे ते सांगितलंय मी. कुंपणाशी जाऊन उभे आहेत नुसते.