पाचवा श्लोक

२ जाने., शुक्र.
कविराज परत वाचायला घेतला. (जुना संस्कृत कवी. खरं नाव लांबलचक. मी कविराजच म्हणते.) राजाच्या पदरी राहून राजांचा इतिहास लिहिला या माणसानं. राजानं देऊळ बांधलं म्हणून चार श्लोक त्याला डोक्यावर घेतो, आणि पाचव्यात देवळाच्या पायाखाली कुणाचं अंगण गेलं तेही सांगून टाकतो. वृत्त तेच, आवाज तोच. काय छाती!

४ जाने., रवि.
महाळुंग्याचे अण्णा आले. पंचाहत्तरी आहे, मानपत्र हवंय. "बाई, मराठीतलं समद्यांच्या भिंतीवर हाय. मला संस्कृतात लिवा. अर्थ मागनं मराठीत वाचा." शाळेला जमीन दिली ते ठळक यायला हवं. नाही कसं म्हणू? रिटायर झाल्यापासून माझा संस्कृतचा वर्ग त्यांच्याच हॉलमध्ये भरतो, फुकट. म्हणजे मीही पदरीच की!

७ जाने.
चार श्लोक झाले. मनापासून झाले, अण्णा दिलदार आहेतच.
दुपारी पौडच्या स्टँडवर अनसूयाआक्का भेटल्या. अण्णांची थोरली बहीण. मानपत्राचं सांगितलं, तर म्हणाल्या, "शाळेची जागा व्हय? ती माज्या वाट्याची. हक्कसोडीवर सही केली तवा अण्णाला म्हनलं, ही इकू नगंस, हितं पोरींची शाळा कर. शब्द पाळला त्यानं." राग नाही, काही नाही. एस्टीत चढता चढता वळून हसल्या. "पाटीवर माजं नाव तेवढं न्हाई." मला काही हसता आलं नाही.

९ जाने.
पाचवा लिहिला: जमीन बहिणीच्या वाट्याची, शाळाही तिच्याच शब्दावरून. 'अनसूया' अनुष्टुभात सहज बसलं.
आता अर्थ वाचताना ते वाक्य गाळलं तर? कुणाला कळणार...
कविराजाचा राजा संस्कृत जाणत होता. समोर बसून ऐकत असणार. माझ्या अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तरी घाबरतेय मी. तो माणूस केवढा मोठा होता, हे आज खरं कळलं.

११ जाने., रवि.
वाचलं. अर्थासकट. चौथ्यापर्यंत टाळ्या. पाचव्याला अण्णा खाली बघत राहिले. मग एवढंच विचारलं, "आक्काला कुनी बलावलं न्हवतं का?" स्टेजवरून उतरून गेले. मानपत्राची फ्रेम माझ्याच हातात राहिली.

१२ जाने.
आत्ता अण्णांचा फोन. "बाई, घरी हायेत ना? आक्काला घिऊन येतोय. पाचवा तिला वाचून दावा. मला बी परत ऐकायचाय." चिडून म्हणाले की कसं, आवाजावरून कळेना.
हॉलची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवलीय. मागितली तर देऊन टाकेन. श्लोक तोच वाचणार.
खाली गाडी थांबल्यासारखी वाटतेय.