कर्जविभागातला केक

ती. मामा,

तुम्ही फोनवर विचारता, "ऑफिस काय म्हणतंय?" मी म्हणतो, "झकास!" तुमच्याच वशिल्यानं लागलो, दुसरं काय बोलणार?

तुमच्या वेळी कंपनीत केक आला की कोणाचा तरी वाढदिवस असायचा. आता केक आला की कोणाला तरी नारळ मिळतो. साहेब चार गोड शब्द बोलतात, आम्ही टाळ्या वाजवतो आणि संध्याकाळी एक खुर्ची रिकामी होते. लिफ्टमधून केकचा खोका येताना दिसला की अख्खा कर्जविभाग मान खाली घालून कामाला लागतो.

काल साहेबांनी तो खोका माझ्या टेबलावर ठेवला. माझं डोकंच फिरलं. जायचंच आहे तर गप्प कशाला बसू? सगळ्यांसमोर साहेबांची बिनपाण्यानं केली. "माणसं कमी करता, पंखे बंद करता आणि वर आम्हाला 'मी आनंदी आहे'चे बिल्ले लावायला लावता!"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? केक माझा आहे. माझं टेबल सकाळीच उचलून नेलं, म्हणून तुझ्याकडे ठेवला."

पहिला तुकडा त्यांनी मलाच भरवला.

आज वरून निरोप आला: साहेबांची जागा मला. म्हणे, माणूस स्पष्टवक्ता आहे. तुम्ही गल्लीभर सांगत सुटाल, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पहिलं काम सोमवारचा केक मागवायचं. कोणासाठी, ते मीच ठरवायचंय.

बेकरीवाला फोनवर खोळंबलाय, नाव विचारतोय. मामा, माझंच सांगू का?

तुमचा,
अजून नोकरीत असलेला भाचा