दोन लाख लोकांनी पाहिलेली झोप

योगेश भाऊजी,

वरण-भात झाकून ठेवलाय, गरम करून घ्या. मी आईंना घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला चालले आहे. तुमचा व्हिडिओ त्यांनी काल पहिल्यांदा पाहिला. त्या स्वतःहून निघाल्यात, मी आग्रह केलेला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेपासून झेंडू तोडून मी शेडमध्ये फुलांच्या ढिगाशेजारीच झोपले होते. तोंड उघडं, पदराची शुद्ध नाही. तुम्ही तसंच शूटिंग केलंत, वर माझ्या घोरण्याला गाणं लावलंत. चार वेळा म्हटलं, काढून टाका. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दोन लाख लोकांनी पाहिलं, फेमस झालात तुम्ही!" परवा फुलबाजारात एका गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर घोरून दाखवलं. आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले, माल खपवायचा होता.

त्याच संध्याकाळी हरसूलहून हर्षालीचा फोन आला. रविवारी तुम्ही जिला पाहायला जाणार होतात, तीच. "ते स्वभावाने कसे आहेत?" तिने विचारलं. देवाशपथ, मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. फक्त तुमच्याच व्हिडिओची लिंक पाठवली.

आज सकाळी तिचा मेसेज आला, "ताई, मी झोपले तरी हे असंच करतील ना?" मागोमाग तिच्या वडिलांचा फोन आला. रविवारचं नको म्हणाले.

तेव्हा नवीन शर्ट इस्त्रीला टाकू नका. रविवारी झेंडू तोडायला माणूस कमी आहे.

उज्वला वहिनी